बाईंचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना खटका आहे. तुम्ही मला बटण म्हणाल. खुशाल म्हणा, फक्त सदऱ्याचं बटण समजू नका. एका लाकडी पेटीच्या माथ्यावर मी बसतो. माझं डोकं पितळेचं आहे. खाली एक स्प्रिंग आहे आणि तिच्या तळाशी चांदीचे दोन बारीक ठिपके आहेत. मला कुणी दाबलं की ते ठिपके एकमेकांना टेकतात आणि पलीकडच्या खोलीतल्या यंत्राला निरोप जातो, 'दाबलं'. आयुष्यभर मी हा एकच शब्द बोलत आलो. आज थोडं जास्त बोलणार आहे, कारण माझ्यावर एकदा खोटा आळ आला होता आणि तो कसा उतरला हे कुणीतरी सांगायला हवं.

माझा जन्म एका तळघरातल्या कार्यशाळेत झाला. तिथे लोखंडाच्या किसाचा आणि यंत्राच्या तेलाचा वास असायचा, आणि भिंतीवर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगलेले असायचे. तिथला मिस्त्री बोलायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त. एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई जिना उतरून त्याच्याकडे आल्या. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या नव्यानंच रुजू झाल्या होत्या. माणसाचं लक्ष कुठे टिकतं आणि कुठे घसरतं, हे त्यांना मोजायचं होतं.

"लक्ष मोजणार?" मिस्त्रीनं चष्मा कपाळावर चढवला. "ते काय कापड आहे बाई, गज लावून मोजायला?"

"कापड नाही, म्हणून तर तुमच्याकडे आले," बाई म्हणाल्या. "मला असं बटण हवंय, की म्हाताऱ्याचं बोट दमणार नाही आणि पोराचा नुसता हात लागला तर वाजणार नाही."

मिस्त्रीनं पहिली स्प्रिंग बसवली ती इतकी ताठ, की मला दाबताना बाईंचं नख पांढरं पडलं. दुसरी इतकी मऊ, की मिस्त्रीला शिंक आली आणि मीच बोलून गेलो. तिसरी त्यानं स्वतः तार वळवून केली. ती बसवल्यावर तो बराच वेळ मला नुसता दाबत राहिला आणि शेवटी म्हणाला, "जमलं." त्या माणसाच्या तोंडून याहून मोठी शाबासकी तोवर कुणी ऐकली नव्हती. मी मनातल्या मनात फुगून गेलो.

माझी नेमणूक एका छोट्या खोलीत झाली. राखाडी भिंती, खिडकीवर काळं कापड, आणि दार असं जाड, की एकदा लावलं म्हणजे बाहेरचं पाऊलसुद्धा ऐकू येऊ नये. समोर पडदा, पडद्यापुढे हनुवटी टेकवायची एक पट्टी, एक खुर्ची, आणि खुर्चीच्या हातावर मी. पडद्यावर एकामागून एक कडी उमटत. प्रत्येक कडं एका बाजूला तुटलेलं असे. कुणाचं तोंड वर, कुणाचं खाली, कुणाचं डावीकडे. मधूनच, अगदी क्वचित, एखाद्याचं तोंड उजवीकडे असे. ते दिसलं की मला दाबायचं, बाकी कशालाही दाबायचं नाही. शास्त्रात उजव्या तोंडाच्या कड्याला लक्ष्य म्हणतात आणि बाकीच्यांना विचलक. पण बाईंचं आणि जड शब्दांचं कधी पटलं नाही. प्रयोगाला बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा मजकूर त्यांनी स्वतःच्या भाषेत लिहून काढला होता: 'उजवीकडे तोंड करून येतो तो पाहुणा. तो आला की लगेच दार उघडा, म्हणजे बटण दाबा. बाकीचे सगळे भामटे. ते कितीही पाहुण्यासारखे दिसले तरी हात आवरा.'

ऐकायला हे पोरखेळ वाटेल. खुर्चीत बसून पाहा म्हणजे समजेल. एकामागून एक नुसते भामटे येत राहतात. डोळे जड होतात, मन घरी जाऊन येतं, आणि नेमका त्याच वेळी पाहुणा दारावर टकटक करून निघून जातो. किंवा उलट होतं. पाहुण्याची वाट पाहून पाहून माणूस इतका उतावळा होतो, की दिसेल त्या पहिल्या भामट्याला आत घेतो. बाई म्हणायच्या की दाबणं कुणालाही जमतं, माणसाची खरी परीक्षा न दाबण्यात आहे. हे माझ्याइतकं कुणाला पटणार? यंत्राला फक्त दाबलेलं समजायचं. माझ्या डोक्यावर मात्र अंगठा सतत टेकलेला असायचा, त्यामुळे न दाबलेलंही मला समजायचं. भामटा दिसताच अंगठा किंचित खाली झुकायचा आणि तसाच थबकायचा. ती ओढ आणि तो लगाम, दोन्ही मला जाणवायचे.

किती तऱ्हेचे अंगठे माझ्यावर आले म्हणून सांगू! मुलं तर उदार. ती सगळ्यांनाच दार उघडायची आणि वर हसायची. एक गवई आले होते, ते मला तालात दाबायचे, कडं काहीही असो. एकदा एक हेडमास्तर आले. चूक होऊ नये म्हणून त्यांनी मला शेवटपर्यंत हात लावला नाही. बाईंनी निकाल पाहिला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "सर, तुमची एकही चूक नाही. फक्त सगळे पाहुणे उपाशी परत गेले." हेडमास्तर आधी ओशाळले, मग इतके हसले, की त्यांची हनुवटी पट्टीवर आपटली.

हळूहळू माझं नाव झालं. म्हणजे बाईंचं झालं, पण त्यांच्या जाड पुस्तकात जो फोटो छापला आहे त्यात मी आहे. पडद्याची यंत्रं बदलली, वायरी बदलल्या, कागदावर आलेख काढणारी सुई जाऊन संगणक आला. मला कुणी बदललं नाही. पुढे डॉक्टर मंडळी आपले रुग्ण बाईंकडे पाठवू लागली. डोक्याला मार लागलेले, मोठ्या आजारातून उठलेले, कामावर परत जायची घाई झालेले लोक त्या खुर्चीत बसू लागले. आता माझ्या एका शब्दावर माणसाची रोजीरोटी अवलंबून राहू लागली. मला त्याचा अभिमान होता आणि धाकही होता.

आमच्याकडे एक रीत होती. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत ती असेल असं मला वाटत नाही. रोज सकाळी, कुणीही यायच्या आधी, बाई स्वतः खुर्चीत बसायच्या आणि एक फेरी पूर्ण करायच्या. यंत्र ठीक आहे की नाही हे पाहायची ती त्यांची पद्धत. बाईंचा वेळ, म्हणजे पाहुणा दिसल्यापासून बटण दाबेपर्यंतचा, कालच्यासारखाच आला की यंत्र ठीक. तो पुढेमागे झाला, म्हणजे कुठेतरी बिघाड. वर्षानुवर्षं त्यांचा वेळ केसभरही हलला नव्हता. नावाजलेले शास्त्रज्ञ यायचे आणि या रीतीवर हसायचे. बाई म्हणायच्या, "मला कंटाळा येत नाही, एवढा एकच गुण देवानं दिलाय. तो वापरते." पुढे एकदा यंत्र खरंच अडकलं आणि बाईंच्या अंगठ्यानंच ते पकडलं, तेव्हा हसणारे गप्प झाले. मित्रांनो, माझं सगळ्यात आवडतं माणूस कोण असं विचाराल तर उत्तर सोपं आहे. बाई. त्यांचा अंगठा हलका होता, कोरडा होता, आणि भामट्यासमोर जराही चळत नव्हता.

म्हणूनच पहिल्यांदा मलाच समजलं.

एके सकाळी पाहुणा आला आणि अंगठा किंचित मागाहून आला. मला वाटलं, बाईंना झोप लागली नसेल. काही दिवसांनी पुन्हा तसंच झालं. मग भामटे आले की अंगठा झुकू लागला, थबकू लागला. जो लगाम मी इतरांच्या अंगठ्यात पाहत आलो, तो आता बाईंच्या अंगठ्यात दिसू लागला. आणि एका सकाळी डावीकडे तोंड असलेलं कडं आलं, आणि बाईंनी मला दाबलं. मी तर माझा शब्द बोलणारच. बोललो. पण असा जड शब्द मी आधी कधी बोललो नव्हतो.

बाहेरच्या टेबलाशी बाईंचा मदतनीस बसायचा. तो पूर्वी शाळेत शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. शाळा सोडून तो बाईंकडे आला तेव्हा त्याला यंत्र चालू कुठून करायचं हेही माहीत नव्हतं. बाईंनी त्याला हाताला धरून शिकवलं होतं. आता कानशिलं पांढरी झाली तरी बाईंसमोर तो अजून विद्यार्थीच होता.

"बाई, आज वेळ जास्त आलाय," तो म्हणाला. "आणि एक भामटाही दाबला गेलाय."

"स्प्रिंग ढिली झाली असणार. बटण आपोआप वाजतंय," बाई म्हणाल्या. "उघडून बघायला सांग."

त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटलं. मास्तरलाही वाटलं. सूर्य उशिरा उगवला असं कुणी म्हणतं का? आपलं घड्याळ पुढे गेलं असंच सगळे म्हणतात.

आता माझे दिवस फिरले. माझा मिस्त्री कधीच निवृत्त झाला होता. नव्या कारागिरानं मला उघडलं, चांदीचे ठिपके घासले, मिस्त्रीच्या हातची स्प्रिंग काढून बाजारची घातली. सकाळच्या फेरीत तोच उशीर. त्यानं वायर बदलली. तोच उशीर. मग माझ्या पेटीवर 'सदोष' अशी चिठ्ठी चिकटवून मला कपाटात टाकलं आणि प्लास्टिकचं नवं बटण आणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. कपाटात मोडकी टांगणी आणि जुन्या वायरींच्या गुंडाळ्या माझ्या सोबतीला होत्या. मला राग आला होता, पण रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. बाईंचा अंगठा आता कसा आहे, हे मला समजायला मार्गच उरला नव्हता.

नवं बटणही आपोआप वाजतं, असं लवकरच ठरलं. मग दोष नुसत्या बटणाचा नाही, पडद्याचाही असेल, सगळी यंत्रणाच म्हातारी झाली आहे, असा निष्कर्ष निघाला. नवी यंत्रणा येईपर्यंत करायचं काय? बाईंनी उपाय काढला. त्यांचा पूर्वीचा वेळ आणि आताचा वेळ यांत जो फरक, तो यंत्राचा दोष. तेवढा प्रत्येकाच्या वेळातून वजा करायचा. भामट्यांवर दाबलेलंही थोडंफार माफ करायचं, कारण बटण आपोआप वाजतं. या हिशेबाला ते वजावट म्हणू लागले. आणि नवं आणि जुनं सारखंच, म्हणून मला परत खुर्चीच्या हातावर बसवलं. चिठ्ठी कुणी काढली नाही.

अशा वेळी ड्रायव्हरदादा आला. तो बस चालवायचा. अपघातात त्याच्या डोक्याला मार बसला होता आणि बरेच महिने तो घरी होता. त्याच्या कार्यालयानं सांगितलं होतं की बाईंच्या प्रयोगशाळेनं हो म्हटलं तरच बस हातात मिळेल. तो खुर्चीत अगदी काठावर बसला.

"नीट टेका," बाई म्हणाल्या. "ही काही फाशीची खुर्ची नाही."

"सवय नाही हो बाई, समोर काच आणि हातात स्टिअरिंग नाही," तो म्हणाला. "घरात तर मी आता खुर्चीत बसलो की बायको विचारते, पुढचा स्टॉप कुठला?"

बाई खूप हसल्या. त्यांना तो माणूस आवडला. मलाही आवडला. पण माझं काम आवडीनिवडीचं नाही. त्याचा अंगठा जाड होता, घामेजलेला होता आणि जीव तोडून प्रयत्न करत होता. तरी पाहुण्यांमागून तो उशिरा येत होता आणि भामट्यांना आत घेत होता. अजून त्याचं डोकं पुरतं सावरलं नव्हतं. मी ते जसंच्या तसं यंत्राला सांगितलं. यंत्रानं त्यातून वजावट केली, आणि ड्रायव्हरदादा पास झाला. त्यानं बाईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "उद्या येऊन कागद घेऊन जा," बाई म्हणाल्या. तो गेल्यावर मी तिथेच बसून होतो, माझ्या अंगावर 'सदोष'ची चिठ्ठी, आणि उद्या-परवा हा माणूस माणसांनी भरलेली बस चालवणार हे मला माहीत. एकच शब्द येणाऱ्यानं काय करावं?

त्या दिवशी दुपारी बाई एका बैठकीला गेल्या. मास्तर रिकामा होता. वजावट नीट बसली आहे ना, हे पाहायला म्हणून तो सहज खुर्चीत बसला. आजवर वजावट लागली होती ती आजारातून उठलेल्यांना. ते सगळे मुळातच सावकाश, त्यामुळे कुणाला काही खटकलं नव्हतं. मास्तर निरोगी माणूस. त्यानं फेरी पूर्ण केली, बाहेर जाऊन निकाल पाहिला, आणि धावत आत येऊन पुन्हा बसला. पुन्हा फेरी, पुन्हा बाहेर. आकडे अशक्य होते. डोळ्यांनी पाहिलेलं अंगठ्यापर्यंत पोहोचायला कुणालाही थोडा वेळ लागतोच. मास्तरचा वेळ त्याहूनही कमी आला होता. म्हणजे पाहुणा दारात यायच्या आधीच त्यानं दार उघडलं होतं!

त्यानं वजावट काढून टाकली आणि तिसऱ्यांदा बसला. या वेळी सगळं ठीक आलं, तो नवीन असताना यायचं तसंच. एकाही भामट्यावर बटण आपोआप वाजलं नाही.

यंत्र ठीक होतं. मी ठीक होतो. मास्तर खुर्चीतच बसून राहिला. पडदा कोरा होता, तरी त्याचा अंगठा माझ्या डोक्यावर टेकलेला होता. तो गार पडला होता. मग त्यानं नखानं माझ्या पेटीवरची चिठ्ठी खरवडून काढली. माझा आळ उतरला, मित्रांनो, आणि मला जराही आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर म्हणाला, "बाई, आजची पहिली फेरी मी करू?"

"का? माझे हात मोडलेत?" असं म्हणून बाई नेहमीसारख्या आत येऊन बसल्या. तो बाहेर थांबला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. बोलावं तर ज्या बाईंनी घडवलं त्यांच्याच वर्मावर बोट ठेवायचं. गप्प बसावं तर बस रस्त्यावर येणार. बाईंची फेरी झाली. तीन भामटे आत आले होते. त्या बाहेर जाऊन टेबलाशी बसल्या आणि ड्रायव्हरदादाच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन उचललं.

तेव्हा मास्तर आत आला. त्यानं माझी वायर काढली, मला उचललं आणि बाहेर नेऊन बाईंच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं.

"बाई, सही करू नका."

"का रे?"

"वजावट चुकीची आहे." त्यानं कालचे आपले निकाल त्यांच्यासमोर ठेवले.

बाईंनी ते वाचले. लक्ष निसटू लागलं होतं, तरी आकडे वाचायला त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

"तू जेवला होतास? झोप झाली होती?"

"हो बाई. दोन-दोनदा केलं. यंत्र ठीक आहे."

"यंत्र ठीक आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "मग रोज सकाळी उशीर कुणाला होतोय?"

मास्तर फरशीकडे पाहत राहिला.

"मास्तर, मी प्रश्न विचारलाय. माझ्याकडे बघून उत्तर दे."

त्यानं मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "तुम्हाला, बाई."

बाईंनी मला जवळ ओढलं. माझ्या डोक्यावर अंगठा ठेवला, पण दाबलं नाही.

"बटण एक वेळ उशीर करेल," त्या म्हणाल्या. "पण डावीकडचं कडं बघून उजवीकडचं आहे असं ते कसं समजेल? त्याला डोळे कुठायत? भामट्याला आत घेणारा माणूसच असतो. हे मी पहिल्याच वर्षाच्या पोरांना शिकवते. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा नाचता येईना अंगण वाकडं!" त्या हसायला गेल्या आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. "तुला कधी कळलं?"

"काल."

"मग रात्रभर जागला असशील. मला लगेच फोन का नाही केलास?"

"धीर झाला नाही, बाई."

"गाढवा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. आई आधी लेकरावर ओरडते आणि मग हळूच जवळ घेते, तसं ते होतं. मला त्या वेळी दोघांचीही फार दया आली.

थोड्या वेळानं ड्रायव्हरदादा आला. नवा सदरा घालून आला होता. बाईंनी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं की कागद मिळणार नाही, अजून काही महिने थांबावं लागेल, मग पुन्हा परीक्षा. त्याचा चेहरा उतरला.

"पण काल तुम्हीच पास म्हणालात ना?"

"काल मी चुकले."

"म्हणजे मशीन बिघडलं होतं?"

मास्तरनं झटकन वर पाहिलं. केवढी सोपी वाट होती! बाईंनी नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. त्यांची अब्रू राहिली असती, ड्रायव्हरदादाचं समाधान झालं असतं, आणि माझं काय, माझ्यावर एकदा चिठ्ठी लागलीच होती. मी टेबलावर बसून वाट पाहत होतो. खोटं कशाला सांगू, मला स्वतःसाठी वाईट वाटायची तयारी मी करून ठेवली होती.

"नाही दादा," बाई म्हणाल्या. "मशीन चांगलं आहे. बिघडलेय ती मी. माझ्या डोक्यात काहीतरी होतंय, आणि ते मी मशीनच्या माथी मारत होते. त्या हिशेबात तुम्ही पास झालात. उद्या तुमच्या बससमोर कुणाचं पोर आलं असतं तर?"

ड्रायव्हरदादा रागावला असता तर त्याचं चुकलं नसतं. तो आपल्या जाड अंगठ्यांकडे पाहत बसला. मग त्यानं विचारलं, "मग तुमचं काय आता, बाई?"

"मीही घरी बसणार."

"म्हणजे आपण दोघं एकाच बाकावरचे."

"हो," बाई म्हणाल्या. "सरका थोडं."

त्याच दुपारी बाईंनी स्वतःची परीक्षा घ्यायला लावली. सकाळची फेरी नव्हे, खरी परीक्षा, सगळ्यांची होते तशी. मला परत जागेवर जोडलं गेलं, आणि त्या आत येऊन खुर्चीत बसल्या. मास्तर म्हणाला, "सूचना राहू द्या ना बाई. तुम्हीच तर लिहिल्यात."

"सगळं वाच," बाई म्हणाल्या. "एक शब्दही गाळू नकोस. मी आज पहिल्यांदा आलेय."

मास्तर वाचू लागला. उजवीकडे तोंड करून येतो तो पाहुणा. तो आला की लगेच दार उघडा. बाकीचे सगळे भामटे. 'हात आवरा' इथपर्यंत त्यानं वाचन पूर्ण केलं. दार लागलं. कडी येऊ लागली.

त्या फेरीत मी बाईंच्या अंगठ्याजवळ जितका होतो तितका कधीच नव्हतो. तो अंगठा लढत होता. भामटा आला की झुकायचा, थबकायचा, स्वतःला मागे ओढायचा. कधी जिंकायचा, कधी हरायचा. हरला की मी माझा शब्द बोलायचो. मला बोलावंच लागायचं. गप्प बसून बाईंना वाचवावं असं मनात आलं नाही असं नाही. पण बाईंनीच मला घडवून घेतलं होतं ते खरं बोलण्यासाठी. त्या दिवशी मी खोटं बोललो असतो, तर त्यांचा सगळा जन्म वाया गेला असता.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "किती भामटे आत घेतले?" मास्तरनं खरा आकडा सांगितला. बाईंनी मान हलवली. त्यांची धाकटी बहीण त्यांना न्यायला आली होती, तिच्या खांद्याला धरून त्या जिना उतरल्या. पुढे डॉक्टरांनी तपासलं. आजार वाढत जाणारा होता, पण लवकर लक्षात आला होता. त्यामुळे पुढच्या दिवसांची व्यवस्था बाई स्वतःच्या मनासारखी, स्वतःच्या शुद्धीत लावू शकल्या. मास्तरनं वजावट लावलेले सगळे निकाल पुन्हा तपासले आणि सकाळच्या फेरीची रीत बंद केली. आता यंत्राची तपासणी यंत्रच करतं.

ड्रायव्हरदादा वर्षाच्या आतच परत आला. बसला, आणि मला पहिल्याच पाहुण्याला समजलं. अंगठा तोच जाड, पण आता तो वेळेवर येत होता आणि भामट्यांपुढे थांबत होता. माणसाचं डोकं सावरतं तेव्हा अंगठ्याला ते आधी समजतं. मास्तरनं त्याला कागद दिला. तो कागद खिशात घालून तो थेट बाईंच्या घरी गेला. तिथे जे झालं ते त्यानं मास्तरला येऊन सांगितलं, आणि मास्तर मला पुसता पुसता नव्या विद्यार्थिनींना ते सांगतो, म्हणून मला माहीत.

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी त्याला ओळखलं नाही. बहिणीनं ओळख करून दिली, तरी नाही. तो म्हणाला, "बाई, मी पास झालो. उद्यापासून बस चालवणार."

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "वजावट केली का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई. एक आकडाही नाही."

"मग चालव," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझं पितळ झिजलं आहे, आणि एक दिवस मलाही काढून ठेवतील. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरातलं एखादं वडीलधारं माणूस किल्ली फिरत नाही म्हणून कुलपाला दोष देऊ लागेल, चष्म्याचा नंबर चुकला म्हणेल, फोन ऐकू येत नाही म्हणून फोनवर चिडेल. तेव्हा कुलूप, चष्मा, फोन जरूर तपासा. आम्हा वस्तूंना उघडा, घासा, बदला, आम्ही सोसू. पण त्या माणसाजवळही बसा. त्याचा हात हातात घ्या, आणि तुम्हाला जे दिसतंय ते त्याला प्रेमानं, पण खरं सांगा. मास्तरला धीर यायला एक रात्र लागली. तुम्ही तेवढाही उशीर करू नका.